न मोजलेले चेंडू

तानिमोरी सरांची आणि माझी पहिली ओळख थालीपिठावरून झाली. गौरवग्रंथातल्या लेखाला ही सुरुवात फारशी भारदस्त नाही, हे मला कळतं. पण घडलं ते असंच. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबात नोकरीला लागले होते. क्लबाचं नाव इथे लिहीत नाही. वकिलांची भीती वाटते असं नाही, पण सरांच्या ग्रंथात त्या नावाला जागा कशाला द्यायची? तर दुपारी जेवणाच्या खोलीत मी डबा उघडून बसले होते आणि समोरच्या टेबलावर चाळिशी ओलांडलेले एक उंच जपानी गृहस्थ एकटेच केळं खात होते. माझ्या डब्यात थालीपीठ, लोण्याच्या जागी क्रीम चीज आणि लिंबाचं लोणचं. समोर माणूस नुसतं केळं खातोय आणि आपण थालीपीठ हाणायचं, हे मला जमेना. मी डबा पुढे केला.

सर अर्धवट उठले, मान झुकवून म्हणाले, "नो, थँक यू." मी अकोल्याची. आमच्या घरात पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा मान झुकली, पुन्हा 'नो'. तिसऱ्यांदा मी विचारण्याच्या भानगडीत न पडता अर्धं थालीपीठ त्यांच्या कागदी रुमालावर ठेवलं. त्यांनी ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. लोणच्याने डोळे मिटले, आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडे आलुबुखार खारवून ठेवतात, ते अस्संच लागतं. मग तीन बोटं वर करून म्हणाले, "तीन वेळा. माझ्या गावातही तीन वेळा विचारतात. अमेरिकेत एकदाच विचारतात. मी इथे पहिले सहा महिने उपाशी होतो." आम्ही दोघंही खूप हसलो. वाचकहो, ही तीन बोटं लक्षात ठेवा. पुढे मला ती फार महागात पडली आहेत, आणि सरांना माझ्यापेक्षा जास्त.

आमच्या संपादिका मृणालताईंनी मला बजावलं होतं, "मेधा, पॉझिटिव्ह ठेव हं यार. साठीचा ग्रंथ आहे, शोकसभा नाही." ताई, मी प्रयत्न करते आहे.

आपल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांसाठी थोडं सांगावं लागेल, कारण बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे 'क्रिकेटची गरीब बहीण' म्हणून लोक मोकळे होतात. सामना सुरू करणारा पिचर दमला किंवा मार खायला लागला, की त्याच्या जागी चेंडू टाकायला दुसरा येतो. तो रिलीफ पिचर. इसामु तानिमोरी सर आयुष्यभर रिलीफ पिचर होते. तेरा वर्षं जपानमध्ये, आणि मग उतारवयात इथे. मैदानाच्या कडेला बुलपेन नावाचा कुंपण घातलेला कोपरा असतो. तिथे हे लोक बसून असतात. भिंतीवर एक फोन असतो. मॅनेजरच्या मनात आलं की फोन वाजतो, ज्याचं नाव निघेल तो उठतो आणि हात गरम करायला लागतो. वीस, पंचवीस, तीस चेंडू, पूर्ण जोरात. मग कधी मैदानात बोलावतात, कधी दुसरा फोन येतो की राहू दे, बस खाली. तासाभराने तोच फोन पुन्हा वाजतो. लग्नघरी आचाऱ्याला तेल तापवायला सांगायचं आणि पंगत बसवायचीच नाही, असा हा प्रकार. आणि बुलपेनमध्ये टाकलेला एकही चेंडू कुठल्याही स्कोअरकार्डावर येत नाही.

माझं काम होतं रोज सकाळी एक शीट काढायचं. कुठल्या पिचरने गेल्या चार दिवसांत किती चेंडू टाकले, त्यावरून नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिरवा म्हणजे आज खुशाल वापरा. लाल म्हणजे हात लावू नका. मॅनेजर सकाळी कॉफी पिताना ते शीट बघायचा आणि दिवसभर त्याच्या जिवावर फोन फिरवायचा. शीटवर खाली माझी सही. त्या सहीचा मला कोण अभिमान होता! आईला फोनवर सांगायचे, "मी सांगते म्हणून माणसं खेळतात."

सरांची कामाची रीत मात्र वेगळी होती. इतर पिचर फोन वाजल्यावर आळस देत उठायचे, पहिले दहा चेंडू हलक्या हाताने टाकायचे, आणि आपला नंबर लागत नाही असं दिसलं की तिथेच थांबायचे. सरांना ते जमत नसे. फोन वाजला म्हणजे बोलावणं आलं, मग पहिल्या चेंडूपासून जोर पूर्ण. बुलपेनमध्ये त्यांचे चेंडू झेलणारा कॅचर रॅमोन कुरकुरायचा, "माझ्या हाताची सालं निघतात, आणि या माणसाला अजून सामन्यात बोलावलंही नाहीये!" सर त्याची माफी मागायचे आणि पुढचा चेंडू तितक्याच जोरात टाकायचे.

त्यांच्याकडे एक वही असायची. तळहाताएवढी, निळ्या पुठ्ठ्याची. एकदा सामना संपल्यावर मी त्यांना तीत रेघा ओढताना पाहिलं. आपण चार उभ्या काठ्या काढून पाचवी आडवी मारतो ना, तसंच त्यांच्याकडे पाच रेघांचं एक अक्षर असतं. पानभर तीच अक्षरं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "आजचे चेंडू. सगळे." सगळे म्हणजे बुलपेनमधलेसुद्धा. पोरवयापासूनची सवय. मी म्हणाले, "सर, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगला डेटा आहे की!" ते हसले आणि वही बॅगेत टाकली. मी ती मागितली नाही. माझ्या शीटमध्ये बुलपेनचा रकानाच नव्हता. कसा असावा, हे मला शिकवलं नव्हतं, आणि शिकवलेलं नसलं की आपण हुशार माणसं बिनधास्त असतो.

मग ऑगस्टमधला तो आठवडा आला. उकाडा असा की बाकावर टेकवत नव्हतं. चार दिवस ओळीने फोन वाजत राहिला, दिवसात दोनदोनदा. सर उठले, हात गरम केला, बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. चार दिवसांत प्रत्यक्ष सामन्यात त्यांनी अकरा चेंडू टाकले. माझ्या शीटवर अकरा, आणि रंग हिरवागार. रविवारी सकाळी रॅमोन माझ्या टेबलाशी आला. "तुझ्या कागदावर हे काय लिहिलंय? त्यांचा हात संपलाय. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये पडतो त्या आवाजावरून मला कळतं." मी माझ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "कॅचरला काय वाटतं हा डेटा नाही." मी परत आले. येताना कॉरिडॉरमध्ये सर भेटले. मी विचारलं, "सर, हात बरा आहे ना?" त्यांनी मान झुकवली. "बरा आहे." मी म्हणाले, "ओके." आणि पुढे गेले. एकदा विचारलं. एकदाच.

दुपारचा सामना होता. आठव्या डावात सर मैदानात आले. तिसऱ्या चेंडूला त्यांचा हात कोपरातून जो गेला तो गेलाच. ते ओरडले नाहीत. चेंडू डाव्या हातात घेतला, मॅनेजर येईपर्यंत थांबले, त्याच्या हातात दिला, मान झुकवली आणि चालत बाहेर गेले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी वरच्या खोलीत काचेमागे उभी होते. माझ्या हातात शीट होतं आणि त्यावर त्यांचं नाव हिरव्या रंगात होतं.

दोन आठवड्यांनी बैठक झाली. क्लबाचे दोन अधिकारी, एक वकीलबाई, डॉक्टर, सर आणि शीट घेऊन मी. करारात अट होती की पिचरने दुखणं लपवलं किंवा स्वतःच्या मर्जीने जादा सराव केला, तर उपचारांची जबाबदारी त्याची; क्लबाच्या फोनवरून जादा चेंडू टाकल्याची नोंद असेल, तर क्लबाची. खेळण्याची कारकीर्द संपल्यावर त्याच क्लबात कोच म्हणून ठेवण्याचा शब्द दिलेला होता, तोही मग बाद. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. वकीलबाईंनी तो विचारला. "मिस्टर तानिमोरी, बुलपेनमध्ये तुम्ही किती चेंडू टाकले? याची काही नोंद ठेवता का?"

सर म्हणाले, "नाही."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

निळ्या वहीबद्दल त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. मी शीटकडे पाहिलं. अकरा. माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा त्याच क्लबाच्या सहीसाठी अडकला होता. वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे नोंद म्हणून एवढंच शीट आहे, आणि ते क्लीन आहे." डॉक्टरांनी मान हलवली. वीस मिनिटांत सगळे उठले. सरांचा करार संपला आणि कोचची नोकरी गेली. त्याच हिवाळ्यात मला बढती मिळाली. ग्रीन कार्डही वेळेवर झालं, पेढे वाटले.

मी मनाची समजूत काय घातली, तेही लिहिते, म्हणजे माझी अक्कल सगळ्यांना कळेल. मी ठरवलं की सरांनी मला वाचवलं. वही बाहेर आली असती तर माझं शीट खोटं ठरलं असतं, नोकरी गेली असती, अर्ज गेला असता. किती थोर माणूस! दर दिवाळीला मी फराळाचा डबा पाठवत राहिले. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे मॉरिसव्हिल गावात आलो, माझं क्लबाचं काम घरून सुरू राहिलं. इथल्या पार्कवाल्यांना मुलांसाठी कोच हवा आहे असं कळलं, तेव्हा मीच सरांचं नाव सुचवलं. सर आणि त्यांच्या पत्नी योशिको काकू इथे आले. त्या दिवशी मला वाटलं, चला, फिटलं. काय स्वस्तात फिटलं हो!

गेली चौदा वर्षं सरांनी आपल्या मुलांसाठी जे केलं ते या ग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. मी एकच प्रसंग सांगते. मागच्या वर्षी सरांची विद्यार्थिनी अनन्या पिचिंग करत होती. सामना रंगात, आपली टीम एका धावेने पुढे. सर मैदानात गेले आणि तिच्या हातून चेंडू मागून घेतला. तिचे बाबा कुंपणापाशी येऊन तावातावाने म्हणाले, "सर, तिने वीसच तर टाकलेत! ती फ्रेश आहे. माझी मुलगी आहे, मी सांगतो ना." सरांनी अनन्याची वही उघडून त्यांच्यापुढे धरली. वॉर्मअपचे सगळे चेंडू त्यात होते. "मुलगी तुमची," सर म्हणाले, "हात तिचा." सामना आपण हरलो. बाबा दोन आठवडे सरांशी बोलले नाहीत, आणि नंतर स्वतः समोशांचा ट्रे घेऊन आले. सरांच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे अशी वही असते. पालकांना ती जपानी शिस्त वाटते. "सर कसले मेथॉडिकल आहेत ना!" असं मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी मी "हो ना" म्हटलं.

सरांचा उजवा हात आज खांद्यापर्यंतही वर जात नाही. कोपराचं पुढे खांद्यावर गेलं. उपचार क्लबाने करायचे होते, ते अर्थात झाले नाहीत. फळ्यावर ते डाव्या हाताने लिहितात. रोज सकाळी काकू त्यांचे केस विंचरून देतात. हे मला काकूंनी सहज बोलताबोलता सांगितलं, कांदे चिरता चिरता.

या ग्रंथाचं ठरलं तेव्हा मी सरांच्या घरी गेले. म्हटलं, साठी आहे, एकदा मनातलं बोलून टाकावं, आभार मानावेत. जपानमध्ये साठीला लाल जाकीट घालतात, बिनबाह्यांचं. काकू ते इस्त्री करत होत्या. मी सरांना म्हणाले, "त्या दिवशी बैठकीत तुम्ही खोटं बोललात आणि मला वाचवलंत. सतरा वर्षं मला हे सांगायचं होतं. थँक यू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर काही उमगत नव्हतं.

"वाचवलं?" ते म्हणाले. "नाही, मेधा-सान. मी वाट पाहत होतो."

"कसली?"

"माझी वही मी स्वतः पुढे करायची, माझं दुखणं मी स्वतः सांगायचं, हे मला येत नाही. आमच्याकडे कुणी तसं करत नाही. मी 'नाही' म्हणालो आणि तुमच्याकडे पाहिलं." त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. "मला वाटलं, या बाई तीनदा विचारतात."

ते शांतपणे पुढे म्हणाले, "वही माझ्या कोटाच्या खिशात होती. तुम्ही पुन्हा विचारलं असतंत, तर काढणार होतो. कॉरिडॉरमध्येही तसंच. तुम्ही ओके म्हणालात. मला वाटलं, या आता अमेरिकन झाल्या."

काकूंनी इस्त्री बंद केली, आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. निळा पुठ्ठा पार विटला आहे. त्या चार दिवसांची पानं मी तिथेच बसून मोजली. ती पाच रेघांची अक्षरं पाच-पाचने मोजत गेले, दोनदा चुकले, पुन्हा सुरू केलं. माझ्या शीटवर अकरा. त्यांच्या वहीत दोनशे चौदा. सही करणारी संख्याशास्त्रज्ञ मी, आणि हे मोजायला मला सतरा वर्षं लागली.

मी चिडले. सरांवरही चिडले, खोटं कशाला बोलू? घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "खिशातून काढायला काय झालं होतं? एवढा कसला मान?" नवरा म्हणाला, "आणि तुला तोंड उघडायला काय झालं होतं?" परक्या घरी कुणी नुसतं पाणी नको म्हटलं तरी मी पेला हातात कोंबते. पोळी वाढताना पाहुण्याचं पोट फुटेपर्यंत आग्रह करते. ज्या एका जागी माझा हा पिढीजात आग्रह कुणाच्या उपयोगी पडला असता, तिथे मला एकदम अमेरिकन शिष्टाचार आठवला. त्यांनी 'नाही' म्हटलं ना, मग त्यांच्या मताचा आदर करायला हवा. वा रे आदर! त्या आदरावर माझं घर उभं आहे.

आता या ग्रंथाचं पहिलं पान उघडा. तिथे क्लबाचा शुभसंदेश आहे. 'तानिमोरी यांनी नेहमीच स्वतःआधी संघाचा विचार केला', असं सुंदर छापलं आहे. मृणालताईंनी विश्वासाने छापलं, त्यांचा दोष नाही. त्यांना हा लेख पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. "अगं मेधा, हे काय? तुझी नोकरी अजून तिथेच आहे ना?" आहे. निदान हे लिहीपर्यंत आहे. वहीच्या त्या पानांच्या फोटोप्रती आणि माझं सहीनिशी पत्र मी क्लबाला पाठवलं आहे. त्यात लिहिलं आहे की शीट अपुरं होतं, हे मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं, वहीही मला माहीत होती, आणि मी गप्प बसले. त्यांनी सरांचे उपचार करावेत आणि त्यांच्या नोंदीतला 'खेळाडूचा स्वतःचा हलगर्जीपणा' हा शेरा खोडावा, एवढी मागणी आहे. उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरून चालत नाही.

मृणालताईंनी अट घातली, सरांची परवानगी असेल तरच छापणार. बरोबर आहे. मी सरांकडे गेले आणि लेख वाक्यावाक्याने समजावून सांगितला. सर म्हणाले, "नको." हा शब्द ते आपल्या मुलांच्या आज्यांकडून शिकले आहेत आणि छान म्हणतात. "जुनं झालं. तुमचं नुकसान होईल. नको." मी घरी आले.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. सर मैदानावर वह्या तपासत होते. मी विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नको, मेधा-सान."

तिसऱ्यांदा गेले ते परवा, शनिवारी. डब्यात थालीपीठ होतं, क्रीम चीज होतं, लिंबाचं लोणचं होतं. मी विचारलं, "सर, छापू?" त्यांनी डावा हात पुढे केला आणि थालीपीठ घेतलं. लोणच्याने डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत. काकू चहा टाकायला उठल्या.

सर, आज तुम्ही साठ वर्षांचे झालात. तुम्हाला आणि काकूंना उदंड आयुष्य लाभो. तुमचा हात एवढा तरी वर जावो, की सकाळी तुमचे केस तुम्हाला विंचरता यावेत. बाकी मोठ्या गोष्टी मागायचा मला अधिकार नाही. रविवारी मैदानावर मुलांचे वॉर्मअपचे चेंडू मोजायला मी येणार आहे. तुम्ही नको म्हणाल. मी अजून दोनदा विचारीन.